असईची लढाई टेबलावर: रंगवलेल्या छोट्या फौजा पहिल्यांदा उभ्या करणाऱ्यांसाठी

ऐतिहासिक वॉरगेमिंगमध्ये नवीन आलेला माणूस बहुधा उलट्या क्रमाने सुरुवात करतो. दिसायला सुंदर म्हणून शिपायांची एक पेटी घेतो, मग दुसऱ्याच काळातली दुसरी पेटी घेतो, मग नियम शोधतो, आणि शेवटी कळतं की या दोन फौजा इतिहासात कधी समोरासमोर आल्याच नव्हत्या. घरात चाळीसेक अर्धवट रंगवलेले शिपाई पडून राहतात आणि एकही डाव होत नाही. या लेखातला क्रम नेमका उलटा आहे: आधी लढाई, मग यादी, मग खरेदी, मग रंग.

खेळ थोडक्यात असा. टेबलावर माती-नदी-गावाचा देखावा. त्यावर दोन्ही बाजूंच्या पलटणी, प्रत्येक पलटण म्हणजे पातळ पट्ट्यांवर चिकटवलेले काही रंगवलेले शिपाई. चाल इंचांच्या टेपने मोजायची, गोळीबार आणि हातघाई फाशांनी ठरवायची. पट नाही, घरं नाहीत. दोन ते तीन तासांत एक लढाई होते.

उदाहरण म्हणून २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई घेतली आहे. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज एका बाजूला, आर्थर वेलस्लीच्या हाताखालची ईस्ट इंडिया कंपनीची फौज दुसऱ्या बाजूला. इंग्लंड-अमेरिकेतले वॉरगेमरही ही लढाई आवडीने मांडतात, आणि मराठी माणसाला तर मैदान एसटीने जाऊन बघता येतं, जालना जिल्ह्यात.

१. एकच लढाई निवडा आणि दोन्ही फौजा स्वतः तयार करा

"मी एक फौज करतो, मित्र दुसरी करेल" या बोलीवर सुरुवात करू नका. मित्राचा उत्साह तिसऱ्या आठवड्यात संपतो आणि तुमच्या फौजेला शत्रूच उरत नाही. दोन्ही बाजू तुमच्याकडे असल्या की कोणालाही बोलावून डाव मांडता येतो. समोरच्याने फक्त फासे टाकायचे.

असई पहिल्या डावाला सोयीची असण्याची कारणं ठोस आहेत. लढाई केळणा आणि जुई या दोन नद्यांमधल्या पट्ट्यात झाली, म्हणजे टेबलाच्या दोन कडा आयत्याच ठरतात. मराठ्यांकडे घोडदळ तीस हजारांच्या घरात होतं, पण लढाईचा खरा भार कवायती पलटणी आणि तोफांवर पडला. कंपनीकडचे म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वार तर केळणेच्या दक्षिणेलाच थांबले होते. (हो, पेशव्यांचे. वसईच्या तहानंतर दुसरा बाजीराव कंपनीच्या बाजूला होता.) त्यामुळे हजारो घोडे रंगवायची वेळ येत नाही. दोन्ही बाजूंची बहुतेक स्वारसेना टेबलाबाहेर आहे असं मानलं तरी इतिहासाशी फारशी फारकत होत नाही.

पानिपत १७६१ चा मोह सगळ्यांना होतो. पहिल्या फटक्यात ते करू नका. त्या मैदानावर घोडेस्वार इतके लागतात की वर्षभर फक्त घोडेच रंगवत बसाल.

२. माप ठरवा, आणि मग त्यापासून हलू नका

शिपायाची उंची मिलिमीटरमध्ये सांगतात. चार मापं जास्त चालतात.

२८ मिमी: दिसायला सर्वांत देखणं, रंगवायला सर्वांत वेळखाऊ, जागा खाणारं. यात प्लॅस्टिकच्या पेट्या मिळतात, पण त्या बहुतेक युरोपातल्या नेपोलियन काळाच्या. भारतातल्या १८०३ च्या फौजांसाठी धातूचे शिपाई घ्यावे लागतात आणि ते महाग पडतात.

१५ किंवा १८ मिमी: चेहरा कळतो, पलटण पलटणीसारखी दिसते, आणि चार फुटांच्या टेबलावर लढाई मावते. नवख्याने हेच घ्यावं. फक्त एक सापळा आहे: १५ आणि १८ ही मापं दुकानात एकाच खणात असतात, पण शेजारी उभी केली की १८ वाला डोक्याने उंच दिसतो. एका पलटणीत दोन मापं मिसळू नका. वेगवेगळ्या पलटणींत चालून जातं.

१० आणि ६ मिमी: मोठ्या लढायांसाठी उत्तम आणि स्वस्त. रंगकाम वेगळ्या धाटणीचं असतं, शिपाई रंगवायचा नसतो, रांग रंगवायची असते.

याशिवाय १/७२ (खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या भागाएवढे) मापाचे मऊ प्लॅस्टिकचे शिपाई स्वस्त मिळतात. त्यांच्यावरचा रंग संगिनी वाकल्या की टवके होऊन उडतो. घेतलेच तर आधी भांड्यांच्या साबणाने धुवा आणि शेवटी व्हार्निशचा हात द्या.

३. यादी: नेमके किती शिपाई

यापुढचा हिशोब १५ मिमी धरून आहे. पायदळाची एक पलटण म्हणजे ४० मिमी रुंद, २० मिमी खोल असे ३ बेस (शिपाई चिकटवायच्या पट्ट्या), प्रत्येकावर ४ शिपाई, एकूण १२. स्वारांची तुकडी म्हणजे ४० × ३० मिमीचे ३ बेस, प्रत्येकावर ३ घोडे. तोफ म्हणजे ४० × ४० चा एक बेस, एक तोफ आणि ४ गोलंदाज.

कंपनीची बाजू:
- ७४ वी हायलँडर (स्कॉटिश पलटण), १२ शिपाई
- ७८ वी हायलँडर, १२ शिपाई
- मद्रास नेटिव्ह इन्फंट्रीच्या २ पलटणी, २४ शिपाई
- १९ वी लाइट ड्रॅगून (ब्रिटिश हलकं घोडदळ), ९ स्वार
- मद्रासच्या देशी रिसाल्याची १ तुकडी, ९ स्वार
- तोफा २, गोलंदाज ८
- वेलस्ली, घोड्यावर, १

मराठ्यांची बाजू:
- शिंद्यांचा जर्मन सेनाधिकारी पोलमन याच्या कंपूच्या (कवायती ब्रिगेडच्या) ४ पलटणी, ४८ शिपाई
- सरधन्याच्या बेगम समरूच्या २ पलटणी, २४ शिपाई
- शिलेदार स्वारांच्या २ तुकड्या, १८ स्वार
- तोफा ४, गोलंदाज १६
- अँथनी पोलमन, घोड्यावर, १

बेरीज: पायदळ १२०, स्वार ३६, गोलंदाज २४, तोफा ६, सेनापती २. प्रत्यक्षात कंपनीकडे पायदळाच्या सात आणि घोडदळाच्या चार तुकड्या होत्या, नदी ओलांडून लढलेली फौज साधारण ४,५००. समोर कवायती पायदळ दहा हजारांच्या वर आणि तोफा शंभराच्या आसपास. आपली यादी त्याची अर्धी-पाव आवृत्ती आहे. पुढे वाढवता येते.

मैदानाचं मापही जमतं. पाचशे जणांची पलटण दोन रांगांत उभी राहिली की सुमारे दीडशे मीटर पसरते. आपली पलटण १२० मिमी रुंद आहे, म्हणजे १ मिमीला सव्वा मीटर धरा. दोन नद्यांमधली मराठ्यांची फळी साधारण मैलभर होती. या हिशोबाने ती सव्वाचार फुटांच्या आसपास येते. चार फुटांचं टेबल म्हणूनच.

४. मागवताना

भारतात राहत असाल तर सर्वांत महागडी चूक इथे होते. ब्रिटनमधून धातूचे शिपाई मागवले आणि सीमाशुल्क खात्याने पार्सल 'खेळणी' या सदरात धरलं, तर मूळ शुल्कच मोठं बसतं. २०२० मध्ये ते २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यावर इतर कर आणि कुरिअरवाल्याचा हाताळणी खर्च वेगळा. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्हाची सक्ती आहे, त्या मुद्द्यावरही पार्सल अडकू शकतं. ऑर्डर देण्याआधी त्या दिवशीचा दर तपासा आणि शिपायांची किंमत दुप्पट धरूनच अंदाजपत्रक करा. तेवढ्यात परवडत नसेल तर मागवू नका.

दुसरा रस्ता थ्री-डी प्रिंटिंगचा. शिपायांच्या डिजिटल फायली विकत मिळतात आणि पुणे-मुंबईत रेझिन प्रिंट करून देणारे सापडतात. देताना तीन गोष्टी स्पष्ट सांगा: उंची किती मिमी, रेझिन 'टफ' प्रकारचं हवं (साध्या रेझिनच्या संगिनी नखाने मोडतात), आणि आधाराच्या काड्या काढून, धुऊन, पूर्ण वाळवून हवं. हाताला चिकट लागणारा रेझिनचा तुकडा घेऊ नका. तो नीट वाळलेला नसतो, त्यावर रंगही धरत नाही आणि त्वचेलाही वाईट.

परदेशात असाल तर नवीन घेण्याआधी जुन्याकडे बघा. लंडनचं सॅल्यूट, अमेरिकेतलं हिस्टोरिकॉन अशा मेळाव्यांत लोक जुन्या रंगवलेल्या फौजा विकायला आणतात. रंगकाम मध्यम असलं तरी बेस बदलून आणि एक वॉश (खाचांत साचून सावली दाखवणारा पातळ गडद रंग) देऊन ती फौज उभी राहते.

आणि काहीच मागवायचं नसेल तर? पुठ्ठ्याचे ४० × २० चे तुकडे कापा, त्यावर पलटणीचं नाव लिहा आणि पहिले दोन डाव तसेच खेळा. खेळ आवडतो की फक्त रंगवायला आवडतं, हे शंभर रुपयांत कळतं.

५. साहित्य

- गोल टोकाचे ब्रश: नंबर २, १ आणि ०. एक जुना चपटा ब्रश ड्रायब्रशिंगसाठी (जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर रंग घासणं)
- मिनिएचरसाठीचे ॲक्रिलिक रंग: लाल, पांढरा, पिवळसर बफ, काळा, गडद तपकिरी, त्वचेचा तपकिरी, गडद निळा, करडा, भगवा, पितळी, पोलादी
- मॅट प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर), मॅट व्हार्निश, तपकिरी वॉश
- धारदार क्राफ्ट नाइफ, बारीक कानस, निपर
- फेव्हीक्विक आणि फेव्हिकॉल
- २ मिमी एमडीएफचे लेझरने कापलेले बेस. ट्रॉफी आणि नेमप्लेट करणारे दुकानदार कापून देतात, सुटे बेस मागवण्यापेक्षा स्वस्त
- आइस्क्रीमच्या काड्या, दुहेरी टेप, बटर पेपर, झाकणाचा पसरट डबा
- इंचांचा टेप, ६ बाजूंचे १२ फासे (दोन रंगांत)

ब्रशबद्दल: '०००' नंबरचा केसाएवढा ब्रश डोळे रंगवायला लागेल म्हणून घेतला जातो. घेऊ नका. त्याच्या टोकावर रंग शिपायापर्यंत पोचायच्या आत वाळतो. चांगल्या टोकाचा १ नंबर सगळं करतो.

रंगांबद्दल: कॅमलिनचे ॲक्रिलिक घरात असतात आणि बेस, माती, डोंगर यांसाठी उत्तम आहेत. शिपायांवर ते जाड बसतात आणि घड्या बुजतात. तेच वापरायचे असतील तर दुधाइतके पातळ करून दोन हात द्या.

पसरट डब्यात ओला टिश्यू, वर बटर पेपर, त्यावर रंग. झाला वेट पॅलेट. मे महिन्यात पंख्याखाली साध्या प्लेटवर रंग पाच मिनिटांत वाळतो, यावर दिवसभर टिकतो.

धातूच्या शिपायांत शिसं असू शकतं. कानस मारताना मास्क लावा, भुकटी ओल्या कापडाने पुसा, हात धुवा, आणि हे काम जेवणाच्या टेबलावर करू नका.

६. रंगकाम: बाराच्या बाराला एकदम

एकेक शिपाई पूर्ण करायला गेलात तर १२० कधीच होणार नाहीत. एका पलटणीचे बाराही जण काड्यांवर दुहेरी टेपने चिकटवा, मध्ये ब्रश जाईल एवढी जागा ठेवा, आणि एक रंग सगळ्यांना देऊनच दुसऱ्याकडे वळा.

क्रम असा:

पहिलं, साच्याच्या रेषा खरवडा. डोक्यावरून खांद्यापर्यंत जाणारी बारीक कड असते. ती राहिली तर वॉश नेमका तिथेच साचतो आणि चेहऱ्यावर जखमेसारखी रेघ दिसते.

दुसरं, साबणाने धुऊन पूर्ण वाळवा.

तिसरं, गडद तपकिरी किंवा काळा प्रायमर. १५ मिमीला पांढरा प्रायमर नको. खाचेत ब्रश पोचला नाही की पांढरे ठिपके दिसतात, गडद प्रायमर तीच चूक सावली म्हणून खपवतो. स्प्रे वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, हात हलता ठेवून. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात किंवा मुंबईत स्प्रे मारूच नका, दमट हवेत प्रायमर खरखरीत होतो आणि व्हार्निश पांढरं धुकं धरतं. पावसाळ्यात दोन्ही ब्रशने द्या.

चौथं, मूळ रंग, आतून बाहेर: त्वचा, डगला, पायातलं, मग पट्टे, बंदूक, डोक्यावरचं. त्वचेसाठी दुकानातला 'फ्लेश' रंग मद्रासी शिपायाला देऊ नका. गडद तपकिरी, थोडा गेरूसारखा लालसर आणि किंचित पांढरा मिसळा, आणि मिश्रण प्रत्येक पलटणीत थोडं बदला.

पाचवं, सगळ्यांवर तपकिरी वॉश. घरी करायचा तर गडद तपकिरी १ भाग, मॅट मीडियम (रंगात मिसळायचं बिनरंगी, बिनचमकीचं द्रावण) १ भाग, पाणी ४ भाग. साचलेला थेंब कोरड्या ब्रशने उचला. वॉश पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. घाई केली की डाग पडतात आणि ते झाकता येत नाहीत.

सहावं, छातीवरचे पांढरे पट्टे पुन्हा एकदा स्वच्छ पांढऱ्याने. एवढं एक पाऊल कधी टाळू नका. टेबलावरचा शिपाई तीन फुटांवरून बघितला जातो, आणि तिथून चेहरा, संगीन, पट्टे आणि निशाण एवढंच दिसतं. बटणं रंगवणं हा स्वतःवर केलेला अन्याय आहे.

सातवं, मॅट व्हार्निश.

पायदळाच्या शिपायाला सरासरी वीस मिनिटं धरा, म्हणजे १२० जणांचे ४० तास. घोडेस्वाराला दुप्पट. घोडे सगळे एकाच तपकिरी रंगाचे करू नका. चार-पाच छटा घ्या आणि करडा-पांढरा एखादाच ठेवा.

गणवेशाचं: कंपनीच्या पायदळाचे डगले लाल. ७८ वीच्या कॉलर आणि बाह्यांच्या टोकांना बफ, ७४ वीला पांढरा. मद्रासचे शिपाई लाल डगला आणि आखूड चड्डीत. शिंद्यांच्या कंपूंच्या कपड्यांची वर्णनं मात्र एकमेकांशी जुळत नाहीत, आणि त्यात लाल डगल्याचे उल्लेखही येतात. इथे नवखे महिनोन् महिने पुरावे शोधत अडकतात. एक पर्याय निवडा आणि सहाही पलटणींना सारखा ठेवा. दोन्हीकडे लाल आलं तर गोंधळ टाळायला मराठ्यांच्या बेसची मागची कड काळी आणि कंपनीची तपकिरी करा. शिलेदारांना गणवेश नव्हता, तिथे मनसोक्त रंग वापरा: पांढरे, केशरी, हिरवे, फिकट गुलाबी अंगरखे आणि पागोटी. सगळ्यांत मजेचं काम तेच आहे, म्हणून शेवटी ठेवा. तोफांच्या नळ्या पितळी रंगवा, शिंद्यांचा तोफखाना ओतीव पितळी तोफांसाठी नावाजलेला होता.

७. निशाणं आणि बेस

निशाणं साध्या कागदावर लेझर प्रिंटरने छापा. इंकजेटची शाई फेव्हिकॉल लागताच पसरते. दोन्ही बाजू एकाच तुकड्यात, मधोमध काठी, पातळ फेव्हिकॉल, आणि ओलं असतानाच बोटांनी सुरकुत्या पाडा. वाळल्यावर कागदाच्या पांढऱ्या कडा त्याच रंगाने झाका.

कंपनीकडच्या पलटणींना दोन निशाणं असतात. हत्तीचं चित्र असलेलं तिसरं मानाचं निशाण ७४ वी आणि ७८ वीच्या चित्रांत दिसतं, ते या लढाईत लावू नका. ते या लढाईबद्दलच, म्हणजे नंतर मिळालं.

बेसवर शिपाई फेव्हीक्विकने चिकटवा, वर फेव्हिकॉल आणि बांधकामाची चाळलेली वाळू. वाळल्यावर गडद तपकिरी, मग मातकट पिवळ्याचा ड्रायब्रश. इंग्रजी व्हिडिओंत दाखवतात ते गर्द हिरवं गवत सगळीकडे पेरू नका. सप्टेंबरअखेरची मराठवाड्याची काळी माती आणि विरळ, पिवळं पडू लागलेलं गवत जास्त खरं दिसतं. दोन्ही फौजांचे बेस सारखेच करा, मैदान तर एकच आहे.

८. टेबल

९ मिमी एमडीएफची ८ × ४ फुटी शीट अर्धी घ्या आणि तिचे ४ × २ चे दोन तुकडे करून घ्या. फ्लॅटमध्ये ते कपाटामागे उभे राहतात. दोन्ही बाजूंना रंग द्या. एकाच बाजूला दिला तर पाट वाकतो आणि मधल्या जोडावर शिपाई डुलतात.

दक्षिणेची कड केळणा, उत्तरेची कड जुई. वायव्य कोपऱ्यात, जुईच्या काठाला असई गाव, मातीच्या भिंतींचं. भिंती सनबोर्डाच्या, वर फेव्हिकॉल-वाळूचा लेप. शेतांसाठी काथ्याचं पायपुसणं कापा. उभ्या पिकाचा याहून स्वस्त देखावा नाही. झाडांना वाळक्या घोसाळ्याची जाळी, हिरव्या रंगात बुडवून.

थर्मोकोलवर स्प्रे मारू नका, फेव्हीक्विकही लावू नका. दोन्हींनी तो विरघळतो. आधी ब्रशने ॲक्रिलिकचा जाड थर, मग काय ते.

९. नियम

विकतचे नियम भरपूर आहेत. बंदुकांच्या काळासाठी 'ब्लॅक पावडर' सोपं आणि लोकप्रिय आहे. प्राचीन आणि मध्ययुगीन फौजांसाठी 'डीबीए', ज्यात एका बाजूला फक्त १२ बेस लागतात. पण पहिल्याच डावाला दोनशे पानं वाचायला लावली तर पाहुणा परत येत नाही. त्यासाठी खालचा कच्चा संच पुरे.

हुकूम: आपल्या पाळीला एक फासा टाका. कंपनी फाशात २ मिळवते, मराठे मिळवत नाहीत. येईल तेवढ्या तुकड्या हलवता येतात. गोळीबाराला हुकूम लागत नाही.

चाल: पायदळ रांगेत ६ इंच, स्तंभात (बेस एकामागोमाग लावून) ९. स्वार १२. कंपनीच्या हलक्या तोफा ६. मराठ्यांच्या जड तोफा २.

मारा: पायदळ ६ इंचांपर्यंत ३ फासे, कंपनीचा ४ ते ६ वर घाव, मराठ्यांचा ५-६ वर. तोफ ८ इंचांपर्यंत छर्रा, ३ फासे, ४ ते ६ वर. त्यापुढे ३० इंचांपर्यंत गोळा, २ फासे, ५-६ वर. मारा फक्त समोर, आणि मध्ये आपली तुकडी नको.

हातघाई: दोन्ही बाजू ४ फासे, ५-६ वर घाव. हायलँडरांना ४ ते ६. बाजूने किंवा मागून भिडलेल्यांना ३ ते ६. गोलंदाजांना एकच फासा. जास्त घाव खाणारा ६ इंच मागे.

धीर: ३ घाव झाले की प्रत्येक पाळीच्या शेवटी फासा, १-२ आला तर ६ इंच मागे. हायलँडर फक्त १ वर. ६ घावांना तुकडी उचला. तोफेला ३ घाव पुरे.

१०. असईचे खास नियम

हे नसतील तर डाव कुठल्याही लढाईचा होतो.

भरकटलेली उजवी बाजू. कंपनीच्या उजव्या टोकाचा अधिकारी ऑरॉक पुढच्या तुकड्यांसह ठरल्यापेक्षा जास्त उजवीकडे, असईकडे सरकला. ७४ वी त्याच्यामागे गेली आणि तोफांच्या व स्वारांच्या तडाख्यात सापडली. तिला सोडवायला मॅक्सवेलच्या हाताखालचं कंपनीचं घोडदळ घालावं लागलं. म्हणून ७४ वी उजव्या टोकाला मांडा आणि पहिल्या पाळीला फासा टाका. १ ते ३ आला तर ती तिसऱ्या पाळीपर्यंत पूर्ण वेगाने असईच्याच दिशेने चालते, हुकूम असो वा नसो.

मेलेले गोलंदाज उठतात. कंपनीची फळी तोफा ओलांडून पुढे गेल्यावर मेल्याचं सोंग घेतलेल्या गोलंदाजांनी उठून पाठीमागून मारा केला होता. म्हणून हातघाईत पडलेली तोफ टेबलावरच ठेवा. तिच्या ३ इंचांत कंपनीची तुकडी नसेल तर मराठ्यांच्या पाळीला फासा. ५-६ आला की ती पुन्हा चालू, हव्या त्या दिशेला तोंड करून. कायमची बंद करायला कंपनीच्या एका तुकडीने पूर्ण पाळी तिच्याजवळ थांबायचं. डावातला सगळा ताण या एका नियमात आहे: पुढे जाऊन फळी फोडायची की मागे थांबून तोफा सांभाळायच्या.

११. मांडणी आणि डाव

मराठे पश्चिमेला, पूर्व कडेपासून ३० इंचांवर. उजवं टोक केळणेला, डावं असईला. चार तोफा पलटणींच्या पुढे, स्वार मागे डाव्या हाताला. कंपनी पूर्व कडेपासून ६ इंचांत: डावीकडे नदीलगत ७८ वी, मध्ये मद्रासच्या पलटणी, उजवीकडे ७४ वी, मागे घोडदळ. पाळ्या १०, पहिली कंपनीची. चारपैकी ३ तोफा कायमच्या बंद केल्या आणि ३ पेक्षा जास्त तुकड्या गमावल्या नाहीत तर कंपनी जिंकली, नाहीतर मराठे. एकच बाजू लागोपाठ दोनदा जिंकली तर एक तोफ कमी-जास्त करून बघा. प्रत्यक्षात वेलस्ली जिंकला, ९८ तोफा हाती आल्या, पण मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून त्याची १,५८४ माणसं कामी आली. तेव्हा कंपनीच्या खेळाडूला डाव जड जात असेल तर काही बिघडलेलं नाही.

भांडणं होतात ती नेहमीच्याच चार-दोन जागी, म्हणून आधीच ठरवा. टेप कधीही लावता येईल की चाल जाहीर केल्यावरच? तिरका पडलेला फासा पुन्हा टाकायचा. टेबलाखाली गेलेलाही. अंतर बेसच्या पुढच्या कडेपासून मोजायचं, संगिनीच्या टोकापासून नाही. आणि दुसऱ्याची पलटण उचलायची तर बेसला धरून, शिपायाच्या डोक्याला धरून नाही.

डाव संपल्यावर साठवण: बेसच्या तळाला जाहिरातवाल्यांकडे मिळणाऱ्या चुंबकी शीटचे तुकडे, पसरट प्लॅस्टिकच्या डब्याच्या तळाला पातळ लोखंडी पत्रा. डबा आडवा झाला तरी फौज जागची हलत नाही. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, नाहीतर एमडीएफचे बेस फुगतात आणि पत्र्याला गंज धरतो.